‘कामासाठी खात्रीशीर’ म्हणून विकलेल्या नव्या संगणकाबाबत तक्रार

दिनांक : १२ नोव्हेंबर २०२४

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी (संगणक बनवणारी कंपनी)

विषय : २ सप्टेंबर २०२४ रोजी खरेदी केलेल्या डेस्कटॉप संगणकाच्या मेमरीतील दोष आणि खरेदीपूर्वी न दिलेली माहिती

महोदय/महोदया,

नारायण पेठ, पुणे येथे माझे अक्षरजुळणीचे आणि छपाईपूर्व कामाचे छोटे केंद्र आहे. आमचे वर्षभराचे गणित दिवाळी अंकांवर चालते. आपल्या नव्या मालिकेतील संगणक घ्यावा की जुन्याच मालिकेतला, हे ठरवण्यापूर्वी २८ ऑगस्टला मी आपणांस ईमेल पाठवून विचारले होते की, यातील प्रोसेसर याच महिन्यात बाजारात आलेला असल्यामुळे मुदतीच्या कामासाठी तो आताच घेणे योग्य होईल, की दिवाळी होईपर्यंत थांबावे. त्यावर ‘प्रत्येक यंत्राची २४ तास चाचणी होते, कामासाठी खात्रीशीर आहे, निश्चिंत राहा’ असे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. त्या भरवशावर मी गणपती बसायच्या आधी संगणक घेतला.

संगणकात ३२ जीबीच्या चार पट्ट्या, म्हणजे एकूण १२८ जीबी डीडीआर-५ (पाचव्या पिढीची) मेमरी आहे आणि तिचा वेग आपल्याच कारखान्यात ६००० (मेगाट्रान्सफर प्रतिसेकंद) वर ठेवलेला आहे. पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटे पडदा काळाच राहिला, तेव्हा मेमरीची जुळवणी चालू असल्याचे आपल्या अभियंत्यांनी सांगितले. ते बरोबर होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र मोठ्या अंकाची पीडीएफ बनवताना संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. तेही आम्ही सोसले, कारण बंद पडणारे यंत्र निदान आपण बंद पडलो हे सांगते तरी.

८ ऑक्टोबरला जे घडले ते याहून गंभीर आहे. एका दिवाळी अंकाच्या रंगीत फर्म्याची (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाची) मंजूर झालेली पीडीएफ आम्ही या संगणकावरून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून छापखान्यात पाठवली. फर्मा छापून आला तेव्हा एका जुन्या वाड्याच्या छायाचित्रात दिंडीदरवाजापर्यंतचा भाग स्वच्छ होता आणि त्याखालचा सगळा भाग हिरवट होऊन बोटभर डावीकडे सरकलेला होता. डिस्कवरची फाइल पुन्हा उघडून पाहिली नाही, ही माझी चूक मी मान्य करतो. परंतु कॉपी केलेली फाइल मूळ फाइलसारखीच असेल, एवढेही गृहीत धरता येत नसेल, तर संगणकावर काम तरी कसे करायचे? फर्मा पुन्हा छापण्याचा २३,४०० रुपयांचा खर्च मी सोसला. त्याचे बिल सोबत जोडले आहे.

त्यानंतर मी ४० फाइली कॉपी करून त्यांचे चेकसम (फाइलमधील माहितीवरून काढलेली पडताळणीची संख्या) ताडून पाहिले, तर ३ फाइली जुळल्या नाहीत. मेमटेस्ट या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये चार तासांत ६१ चुका आढळल्या. दोन पट्ट्या काढल्यावर रात्रभरात एकही चूक आली नाही आणि चारही पट्ट्या ठेवून वेग ३६०० वर आणला, तेव्हाही आली नाही. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीच्या तपशीलपत्रकात चार पट्ट्यांसाठी अधिकृत वेग नेमका ३६०० दिलेला आहे. म्हणजे ६००० हा वेग त्या कंपनीने दिलेला नसून आपण ठरवलेला आहे, आणि तो यंत्राला झेपत नाही.

‘डीडीआर-५ मध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय अंगभूत असते’ हे आपल्या सेवा विभागाचे उत्तर अपुरे आहे. ती सोय चिपच्या आतल्या चुकांपुरती असते. पट्टी आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेली माहिती ती सुधारत नाही. दुसरे उत्तर बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करण्याचे होते. ते मी केले आणि चुका कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. त्या अद्ययावत बायॉसच्या टिपणात ‘चार पट्ट्या असताना मेमरीचे स्थैर्य सुधारले’ असे लिहिलेले असून त्यावर तारीख २२ ऑगस्टची आहे. मी प्रश्न विचारला २८ ऑगस्टला. म्हणजे चार पट्ट्यांची अडचण त्याआधीच नोंदलेली होती आणि तरीही मला ‘निश्चिंत राहा’ असे कळवण्यात आले. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

नव्या हार्डवेअरमध्ये दोष निघतात, हे मी जाणतो. इंटेलने ३१ जानेवारी २०११ रोजी आपल्या नव्या चिपसेटमधील (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपमधील) सदोष साटा पोर्टांची, म्हणजे डिस्क जोडण्याच्या जोडण्यांची, माहिती स्वतः जाहीर करून पुरवठा थांबवला. तो चिपसेट बाजारात येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. याउलट १९९४ मध्ये पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातील चूक उघड झाल्यावर, ज्याला गरज पटवून देता येईल त्यालाच चिप बदलून मिळेल, अशी भूमिका त्याच कंपनीने आधी घेतली आणि ती सोडेपर्यंत डिसेंबर उजाडला. तिच्याच तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांच्या अस्थिरतेचे कारण यंदा स्पष्ट झाले, आणि त्यातली तेरावी पिढी ऑक्टोबर २०२२ पासून विक्रीत होती. त्यामुळे ‘सहा महिने थांबून घ्या’ या दुकानदारी सल्ल्यावरही ग्राहकाला विसंबता येत नाही. कंपनीला जे ठाऊक आहे ते तिने सांगितले, तरच घ्यायचे की थांबायचे हे त्याला ठरवता येते.

माझ्या मागण्या अशा आहेत. संगणक परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. अथवा ४८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवून, त्या ज्या वेगावर चालतील त्याच वेगावर माझ्यासमोर रात्रभर चाचणी करून द्यावी आणि मेमरीच्या किमतीतील फरक परत करावा. दोन्ही बाबतींत पुनर्छपाईचा खर्च भरून द्यावा. तसेच आपली २४ तासांची चाचणी किती पट्ट्या लावून आणि कोणत्या वेगावर होते, हे लेखी कळवावे.

हे केंद्र मी स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी चालवतो. त्यामुळे व्यावसायिक वापराचे कारण पुढे करून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधून मला वगळता येणार नाही. १५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पावती, २८ व २९ ऑगस्टचे ईमेल, मेमटेस्टचे अहवाल आणि त्या फर्म्याची एक प्रत सोबत पाठवत आहे. ती प्रत कृपया घडी न करता ठेवावी, कारण आयोगासमोर तीच दाखवावी लागेल.

आपला,
एक ग्राहक
नारायण पेठ, पुणे