गाडीचा विमा मिळाला, गाडी चालवणाऱ्याचं काय? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना इंदूरहून खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

मी इंदूरच्या सुदामा नगरात राहते. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. होळकरांच्या काळात आमचं घराणं इकडे आलं. तेव्हापासून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी अशी आमची रीत आहे. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण जे सांगायचं आहे ते मला याच भाषेत नीट सांगता येतं आणि आपल्यालाही ती कळते.

११ ऑगस्ट २०२५, सोमवार. इथल्या लोकांचा श्रावण तेव्हा संपला होता, आपला चालू होता. ओंकारेश्वरला गर्दी कमी असेल म्हणून मी आणि आमचे हे दर्शनाला गेलो. संध्याकाळी परतताना भेरूघाटाच्या वळणावर समोरून एक लोडिंग टेम्पो आमच्या बाजूला आला, आमच्या गाडीला उजवीकडून धडकला आणि तसाच निघून गेला. नंबर कोणी पाहिला नाही. यांच्या तीन बरगड्या मोडल्या. माझं मनगट गेलं. आणि आमचा ड्रायव्हर, ज्याने शेवटच्या क्षणी स्टिअरिंग डोंगराकडे वळवलं म्हणून आम्ही दरीत गेलो नाही, त्याच्या उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी तुटलं.

तो नऊ वर्षं आमच्याकडे येतो. आठवड्यातून तीन दिवस. यांचे डोळे अधू झाल्यापासून हे गाडी चालवत नाहीत आणि मी कधी शिकले नाही.

चोरलकडची दोन पोरं मोटरसायकलवरून जात होती, ती थांबली. त्यांनी १०८ला फोन केला, दार उचकटून ड्रायव्हरला बाहेर काढलं, पायाला लाकडाची फळी बांधली. ॲम्ब्युलन्स दिसताच निघून गेली. मी नाव विचारलं तर म्हणाली, "नहीं आंटी, पुलिस का लफड़ा हो जाएगा." मदत करणाऱ्याला पोलिसांनी नाव सांगायची सक्ती करायची नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ आणि त्याखालचे नियम म्हणतात. हे मला महिन्याभरानंतर वाचून कळलं. त्या पोरांना ते आजही ठाऊक नसेल.

रात्री पावणेनऊला आम्हाला इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात आणलं. आमच्या दोघांचा आरोग्य विमा होता, ५ लाखांचा. कार्ड दाखवलं, आम्हाला आत घेतलं. ड्रायव्हरचं स्ट्रेचर काउंटरपाशीच राहिलं. "इनकी कौन सी पॉलिसी है?" पॉलिसी नव्हती. आयुष्मान कार्ड? यादीत त्याचं नाव नव्हतं. मग ४०,००० जमा करा. मी एका हाताने पर्स उघडत होते, दुसरा हात लोंबत होता. पुण्याहून मुलाने पैसे पाठवले तेव्हा सव्वादहा झाले होते. दीड तास तो माणूस तिथे पडून होता. वेदनाशामक इंजेक्शन दिलं होतं. बाकी काही नाही.

त्या काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं होतं. वर्तमानपत्रात वाचलेलं डोक्यात होतं, अपघात झालेल्या कुणालाही दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार. तो म्हणाला, "ऐसी कोई स्कीम नहीं है, मैडम."

मंत्रिमहोदय, ती योजना आपल्या मंत्रालयाची आहे. ५ मे २०२५ला निघाली. रस्ता कुठलाही असो, अपघात झालेल्या माणसाला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळायचे आहेत. तुमचा विमा आहे का, हा प्रश्नच तिथे येत नाही. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला तर कायद्यातच नाव आहे, गोल्डन अवर. कलम १६२ने त्या तासातल्या उपचारांसाठी योजना करायची जबाबदारी केंद्र सरकारवर टाकली. कलम १ एप्रिल २०२२पासून लागू झालं. योजना मात्र नव्हती. कोइम्बतूरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ला सांगितलं की १४ मार्चपर्यंत करा. ती तारीखही गेली आणि मग मे महिना उजाडला. तीन वर्षं आणि एक महिना. २०२२ या एकाच वर्षात या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, हा आकडा आपल्याच मंत्रालयाच्या अहवालातला आहे. भागाकार करायची मला सवय आहे, दिवसाला जवळजवळ ४६२ येतात. त्या तीन वर्षांत पहिल्या तासात किती जणांना काउंटरवर थांबवलं असेल, ते गणित मला मांडवत नाही.

योजना ठरावीक रुग्णालयांत पूर्ण लागू होते, इतरत्र फक्त जीव स्थिर करण्यापुरती. आम्हाला नेलं ते रुग्णालय यादीत होतं की नव्हतं? ॲम्ब्युलन्समधल्या मुलाला माहीत नव्हतं, काउंटरवर माहीत नव्हतं, एफआयआर लिहिणाऱ्या हवालदारालाही माहीत नव्हतं. घाटातून रक्तबंबाळ येणाऱ्या माणसाने मोबाइलवर यादी शोधायची का?

आता विम्याचं सांगते.

तिसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला. गाडीचा. त्याने बंपर, बॉनेट, हेडलाइट, दरवाजा सगळ्याचे फोटो काढले. झीरो डेप, म्हणजे भाग जुने झाले म्हणून पैसे न कापणारं कव्हर होतं, म्हणून प्लास्टिकच्या भागांची घट कापली नाही. विसाव्या दिवशी गाडी दारात उभी, रंग नवा, कोणी म्हणणार नाही अपघात झाला होता. ड्रायव्हरच्या मांडीत तेव्हा सळई होती आणि जखमेतून पू येत होता.

मी पॉलिसीचे कागद काढून बसले. अठ्ठावीस पानं, सगळी इंग्रजीत. त्यात एक ओळ होती, मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाख. मला वाटलं, देवा, आहे काहीतरी. कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, हे कव्हर गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठीच, आणि त्याच्याकडे चालू परवाना असेल तरच. शिवाय मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच पैसे, दवाखान्याच्या बिलाशी त्याचा संबंध नाही.

गाडी यांच्या नावावर आहे. यांचा परवाना संपून चार वर्षं झाली. परवाना नसलेल्या मालकाला हे कव्हर घ्यावंच लागत नाही, असा नियम आहे. तरी दरवर्षी एजंटने ते लावलं आणि आम्ही दरवर्षी पैसे भरले. त्यातून आम्हाला एक रुपयाही मिळणं कधीच शक्य नव्हतं.

आणि त्याच पानावर आणखी खाली एक रिकामी चौकट होती. पगारी ड्रायव्हरला भरपाई देण्याच्या मालकाच्या जबाबदारीची. तिचा हप्ता वर्षाला पन्नास रुपये. पन्नास. तिच्यात खूण केलेली नव्हती. एजंट म्हणतो, "आपने बोला नहीं था." मी काय बोलणार होते? मला ती ओळ माहीत होती का? नऊ वर्षं गुणिले पन्नास, साडेचारशे रुपये होतात. साडेचारशे रुपयांची भाजी आम्ही आठवड्याला घेतो. ही माझी चूक आहे, मी ती नाकारत नाही, रात्री झोप लागत नाही त्याचं कारणही तेच आहे. पण ज्या माणसाने पॉलिसी विकण्याचं कमिशन घेतलं, त्याने "गाडी कोण चालवतं?" हा एक प्रश्न विचारायला नको होता का? अर्जात हा प्रश्न पहिला का नाही?

वकील म्हणतात, पगारी ड्रायव्हरची नुकसानभरपाई कलम १४७मध्ये सक्तीच्या विम्यातच धरलेली आहे, पन्नास रुपये भरले नाहीत म्हणून कंपनी हात झटकू शकत नाही, आपण लढू. कंपनी त्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवते. कायदा एक म्हणतो आणि पॉलिसीचा कागद दुसरं, आणि त्यांचा निवाडा व्हायला जी वर्षं लागतील ती त्या माणसाने काढायची. तो नववी शिकलेला आहे. त्याला दोन मुली आहेत.

टेम्पो पळून गेला म्हणून हिट अँड रनच्या भरपाईचा अर्ज केला. गंभीर जखमीला ५०,००० मिळतात, मृत्यू झाला तर २ लाख. २०२२च्या आधी गंभीर जखमीला १२,५०० होते, म्हणजे वाढले, मान्य आहे. अर्ज एसडीएम, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी कार्यालयात द्यायचा असतो. तिथे माझे चार हेलपाटे झाले. पहिल्यांदा एमएलसीची, म्हणजे रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीची प्रत हवी, मग डिस्चार्ज कार्डाची साक्षांकित प्रत हवी, मग "साहब मीटिंग में हैं". चार महिने झाले.

यांच्या आरोग्य विम्याची कथा मी थोडक्यात सांगते, कारण आम्ही ते सोसू शकतो. विमा नियामकाने २९ मे २०२४ला सांगून ठेवलं आहे की कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि रुग्णाला घरी सोडतानाची मंजुरी तीन तासांत द्यायची. डॉक्टरांनी सकाळी अकराला घरी जा म्हटलं, रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी आम्ही बाहेर पडलो. मोडलेल्या बरगड्या घेऊन माणूस दहा तास खुर्चीत. आमची खोलीची मर्यादा विम्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० आणि त्या रात्री ७,५०० चीच खोली रिकामी होती. त्यामुळे कंपनीने बिलाच्या तीन भागांतले दोनच दिले. कपात फक्त खोलीच्या भाड्यावर होईल असं मला वाटलं होतं. ती डॉक्टरांच्या फीवर झाली, नर्सिंगवर झाली. औषधं आणि तपासण्या या कपातीतून वगळायच्या असतात, पण त्यांनी त्यावरही कात्री चालवली. मी ओळ न् ओळ तपासून पत्र लिहिलं तेव्हा तेवढे पैसे परत आले. ज्याला त्रैराशिक येत नाही त्याचे कोण परत करतं?

लोक मला विचारतात, तक्रार का नाही केली? केली. विमा लोकपालांचं कार्यालय भोपाळला आहे, तिथेही अर्ज गेला आहे. पण ड्रायव्हर त्या पॉलिसीचा धारक नाही. मग त्याची तक्रार कोणाच्या नावाने?

इथेच मला या सगळ्या व्यवस्थेचा राग येतो, मंत्रिमहोदय. रस्ता तुमच्या मंत्रालयाचा, विमा अर्थ मंत्रालयाचा, रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचं, पंचनामा गृह खात्याचा. प्रत्येक खात्याने आपापला नियम केलेला आहे, आणि नियम वाईट नाहीत, मी ते सगळे वाचले आहेत. गाडीचा विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००, हे पेट्रोल पंपावरच्या पोरालासुद्धा पाठ आहे. घेण्याचे नियम सगळ्यांना ठाऊक असतात. देण्याचे नियम कोणी सांगत नाही. थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याच्या हप्त्यावर आजही १८ टक्के जीएसटी भरतो आम्ही. आरोग्य विम्यावरचा सप्टेंबर २०२५मध्ये काढला, त्याबद्दल आभार. पण जो विमा घेण्याची कायद्याने सक्ती आहे, त्यावर कर कशासाठी?

माझ्या शहराकडे बघा. आठ वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं. कचरागाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते आणि ज्या बायकांनी कधी शाळा पाहिली नाही त्याही ओला, सुका, सॅनिटरी असं वेगळं करून देतात. हे कसं झालं? दारोदार जाऊन, रोज, लोकांच्या भाषेत सांगितलं म्हणून. मग अपघाताच्या पहिल्या तासाचे हक्क तसे का सांगता येत नाहीत? प्रत्येक १०८च्या आत दरवाजाला यादी चिकटवा, कुठलं रुग्णालय, किती किलोमीटर. प्रत्येक रुग्णालयाच्या काउंटरवर हिंदीत पाटी लावा की अपघाताच्या रुग्णाकडून आधी पैसे मागायचे नाहीत. भेरूघाटाच्या तोंडाशी "सावधान" लिहिलेलं आहे, त्याच्या खाली त्या पोरांसाठी लिहा की मदत करा, तुमचं नाव कोणी विचारणार नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर गाडी चालवणारा कोण आणि त्याला काय मिळेल ते माणसाच्या भाषेत लिहायला कंपन्यांना भाग पाडा. आणि ती पन्नास रुपयांची चौकट काढूनच टाका. पगारी ड्रायव्हर प्रत्येक पॉलिसीत आपोआप असला पाहिजे, एजंटच्या आठवणीवर नको.

अर्थमंत्र्यांशी बोलावं लागेल, असं आपण म्हणाल. बोला ना. तुमच्या दोघांची कार्यालयं एकाच शहरात आहेत. मला मात्र सुदामा नगरातून एसडीएम कार्यालय, तिथून ठाणं, तिथून दवाखाना आणि तिथून वकील, प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून, रिक्षाने फिरावं लागलं.

येत्या सोमवारी त्याच्या पायाचा एक्स-रे आहे. हाड जुळलं नसेल तर दुसरं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबता येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. त्याची बायको दर आठवड्याला फोन करते. स्वतःसाठी काही मागत नाही, एवढंच विचारते, "माताजी, अर्जी का क्या हुआ?" तिला काय सांगू, ते कृपा करून कळवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सुदामा नगर, इंदूर