ॲपमधला ढग आणि पठारावरचे छायाचित्रण

महोदय,

पावसाळा सरत आला की कास, ठोसेघर, महाबळेश्वर या भागांत छायाचित्रणाच्या तारखा ठरू लागतात आणि मोबाइलमधल्या हवामान ॲपवरून छायाचित्रकार व ग्राहक यांच्यात वादही सुरू होतात. दहा दिवसांनंतरच्या तारखेखाली पावसाचे चित्र दिसले म्हणून शूट रद्द करून आगाऊ रक्कम परत मागणारे ग्राहक आहेत, तसे सूर्य दिसला म्हणून कॅमेऱ्यावर घालायला प्लास्टिकही न घेता निघणारे छायाचित्रकारही आहेत. दोघेही ॲपकडून त्याच्या कुवतीबाहेरची अपेक्षा करतात.

ॲपवर गावाचे नाव दिसत असले, तरी त्यामागचे संगणकीय प्रारूप जमिनीचे मोठे चौकोन पाडून गणित करते. युरोपीय हवामान केंद्राच्या जागतिक प्रारूपात हा चौकोन सुमारे 9 किलोमीटरचा असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झालेल्या आणि मे 2025 मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्ये तो 6 किलोमीटरवर आला आहे. ही प्रगती मोठीच आहे; पण सह्याद्रीची धार, तिच्या खालची दरी आणि वरचे पठार अजूनही एकाच चौकोनात सापडू शकतात. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आले की तो हजाराच्याही आत असतो, तेथे चौकोनाच्या सरासरीवर कितीसे विसंबणार?

शिवाय छायाचित्रकाराला पाऊस पडेल का, यापेक्षा ढग किती उंचीवर आहेत हे कळण्याची गरज अधिक असते, कारण साताऱ्यात जो नुसता ढगाळ दिवस असतो, तोच कासला दाट धुक्याचा ठरतो. याचा ढोबळ अंदाज दोन आकड्यांवरून बांधता येतो. दिवसा तापमान आणि दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान) यांच्यात जितक्या अंश सेल्सिअसचा फरक असेल, त्याला 125 ने गुणले की त्या ठिकाणच्या जमिनीपासून ढगांच्या तळाची उंची साधारणपणे मीटरमध्ये मिळते. कास साताऱ्याहून सुमारे 500 मीटर उंच आहे. म्हणून शहरात हा फरक चार अंशांपेक्षा कमी असेल, तर पठार ढगात असेल असे धरून दूरच्या डोंगररांगांचा नाद सोडावा आणि फुलांच्या जवळून चित्रणासाठी मॅक्रो लेन्स सोबत घ्यावी. (अनेक ॲपमध्ये दवबिंदू दिलेला असतो, पण तो पाहतो कोण?)

तारखेचा अंतिम निर्णय दोन दिवस आधी घ्यावा आणि पर्यायी तारीख बुकिंगच्या वेळीच लिहून ठेवावी, म्हणजे पैशांचा वाद राहणार नाही. प्रत्यक्ष दिवशी मात्र हवामान विभागाचे रडारचित्र आणि पुढील तीन तासांचा तात्कालिक इशारा पाहावा. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप आहे, आणि उघड्या पठारावर ट्रायपॉड लावून उभे राहणाऱ्याने ते टाळू नये.

आपल्या दैनिकात रोज कमाल व किमान तापमान छापले जाते. निदान सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सातारा, लोणावळा, नाशिक या घाटमाथ्याजवळच्या गावांपुरता त्याशेजारी दवबिंदूही द्यावा, ही विनंती.

– एक छायाचित्रकार, सातारा