बोट हललं की नजर पलीकडे

ती. आई-बाबा,
सा. न.

दिवाळीला फाट्यावर रस्ता ओलांडताना डावीकडून मोटरसायकल आली, हॉर्न वाजला, तरी बाबा, तुम्ही समोरच पाहत राहिलात. मी हात धरून मागे ओढलं. घरी आल्यावर म्हणालात, "दिसली होती, पण जरा उशिरा." ते 'उशिरा' मनात रुतून बसलंय.

तेव्हापासून मी याबद्दल वाचत्येय. काही शोधताना आपली नजर सेकंदाला तीनेक उड्या मारते. पऱ्हाटीत वेचणी करताना बघा, हात एका बोंडावर असतो अन् डोळे पुढच्या बोंडावर पोचलेले असतात. आई, सुपात तूर निवडताना तुझंही तेच. उडी कुठं मारायची हे मेंदू ठरवतो, आणि वय झालं की त्याला वेळ लागतो. नको तिकडे जाणारी नजर आवरणंही जड जातं.

अमेरिकेत ६५ च्या पुढच्या २,८३२ लोकांवर मोठा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला कॉम्प्युटरवर सराव दिला. पडद्यावर क्षणभर चित्र चमकायचं. मधे काय होतं आणि कडेला कुठं काय दिसलं, ते सांगायचं. दहा वर्षांनी पाहिलं, तर काहीच सराव न केलेल्यांपेक्षा त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी निघाला. घरच्या घरी बोटांवर केलेला सराव त्याच्या तोडीचा आहे, असं मी म्हणणार नाही. पण लक्ष आणि नजर दोन्ही कामाला लागतात, म्हणून रोज दहा मिनिटं कराच.

संध्याकाळी ओसरीवर समोरासमोर बसा. आई, दोन्ही हात एकमेकांपासून खांद्यांच्या रुंदीएवढे लांब धर आणि मधूनच एखादं बोट हलव. बाबा, मान न वळवता हललेल्या बोटाकडे बघा. ते जमलं की उलटं करायचं: उजवं हललं की डावीकडे बघायचं. हे खरं अवघड. मी केलं तेव्हा पहिल्या दहात चारदा चुकले. मग जागा बदला, आई, तूही कर. गरगरलं तर लगेच थांबायचं, आणि बीपीची गोळी चुकवायची नाही.

त्याआधी मात्र बाबांचा मोतीबिंदू. दिव्याभोवती वलय दिसतं म्हणता, आणि दोन वर्षं "पीक निघू दे" चाललंय. धूसर डोळ्यानं कसला सराव होणार? २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्यासारख्या १४ गोष्टींत उपचार न केलेली कमजोर नजरही घातली आहे. बाबा, मला याचीच भीती वाटते.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघते. सोमवारी सकाळी आपण सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊ. बैलांचं अन् वावरातल्या वेचणीचं काकांशी बोलून ठेवलंय. आई, जुना चष्मा आणि गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत घालून ठेव.

तुमची,
मोठी