पहाटेच्या थंडीत गाडी ऐकायला आलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

गाडी नीट झाल्याला आज बारा दिवस झाले. अजूनही रोज पहाटे किल्ली फिरवताना छातीत धस्स होतं, आणि इंजिन एका दमात लागलं की डोळे भरून येतात. त्या दिवशी तुमचे आभार धड मानताच आले नाहीत. आईला घेऊन निघायची घाई होती आणि तोंडातून शब्दही फुटत नव्हता. म्हणून आता लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं. नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, पहाटेच्या पहिल्या पाळीला. पाचला गाडी सुरू करायची, सव्वापाचला घर सोडायचं. गाडी बाबांची, 19 वर्षं जुनी. त्यांच्या हातात कधी अडली नाही. थंडी वाढली आणि तिचं हे सुरू झालं. सेल्फ मारला की इंजिन पकडायचं, पण लगेच थडथडायला लागायचं. स्टेअरिंग हातात कापायचं. समोरचा आरसा असा थरथरायचा की मागच्या सीटवर बसलेल्या आईचा चेहरा पुसट दिसायचा. ॲक्सिलरेटर दिला की घुसमटल्यासारखा आवाज, दोन-तीन झटके, आणि बंद. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. सात-आठ मिनिटं कशीबशी काढली की मात्र गाडी एकदम गुळगुळीत. दुपारी सुरू करावी तर काहीच तक्रार नाही.

एकदा चौकात वळण घेतानाच बंद पडली. अगदी मधोमध, अंधारात. मागून ट्रकचे दिवे जवळ येत होते आणि मी सेल्फ मारत होते. ट्रकवाल्यानं वेळेत पाहिलं. आई मागून म्हणाली, “घाबरू नकोस गं, लागेल गाडी.” ज्या बाईला त्या दिवशी चार तास सुईवर काढायचे होते, ती मला धीर देत होती. ते मी विसरू शकत नाही.

दोन महिन्यांत तीन ठिकाणी गाडी नेली. पहिल्यांनी प्लग आणि इग्निशन कॉइल बदलली. दुसऱ्यांनी थ्रॉटल बॉडी साफ केली, इंजेक्टर साफ केले, स्कॅनर लावला आणि सांगितलं, “मॅडम, बिघाडाचा एकही कोड नाही. गाडीत दोषच नाही. तुमची ॲक्सिलरेटर द्यायची पद्धत चुकते.” बावीस वर्षं गाडी चालवतेय मी. तिसऱ्यांनी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ पाहिली आणि निकालच दिला, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं पाणी सिलिंडरमध्ये जाऊ न देणारं सील, गेलंय, इंजिन खोलावं लागेल, त्यापेक्षा गाडी काढून टाका. त्या रात्री मी झोपले नाही. गाडी विकायची तर पहाटे पाचला आईला नेणार कशानं, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

ते सगळे वाईट लोक होते असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्यापैकी कोणीही माझी गाडी आजारी असताना पाहिलीच नाही. गॅरेज उघडतं दहाला. तिथवर गाडी चालवत न्यायची म्हणजे पोचेपर्यंत इंजिन तापलेलं. तापल्यावर ती ठणठणीत. मी सांगायचे, “अहो, सकाळी बघा, सकाळी होतं.” ते मान हलवायचे आणि गरम इंजिनवर स्कॅनर लावायचे. रात्रभर गाडी इथेच ठेवून घ्या, सकाळी आल्याआल्या तुम्हीच सुरू करा, असंही मी दुसऱ्या ठिकाणी विनवलं होतं. ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत त्यांच्या पोरानं ती जागेवरून हलवायला म्हणून सुरू केली होती. मला म्हणाले, “लागली की व्यवस्थित.”

मग शेजाऱ्यांनी तुमचा नंबर दिला. मी फोनवर सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तुम्ही मध्ये एकदाही तोडलं नाहीत. संपल्यावर तीनच गोष्टी विचारल्यात. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होतंय का? नाही. पांढरा धूर गाडी तापल्यावरही राहतो का? नाही, जातो. काढलेले जुने प्लग काळे होते की कोरडे, फिकट? कोरडे, फिकट. मग म्हणालात, “गॅस्केटचं डोक्यातून काढून टाका. कूलंट जागच्या जागी आहे. थंडीत सायलेन्सरमधून वाफ येणारच, पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. गाडी कुठेही आणू नका. मी येतो. तुम्ही सुरू किती वाजता करता?”

पाचला, म्हटलं.

“मग साडेचारला येतो. आज रात्री उभी केलीत की हात लावायचा नाही तिला.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला वेळ विचारली होती.

तुम्ही खरंच साडेचारला आलात. बेल वाजवली नाहीत. मी दिवा लावून बाहेर आले तेव्हा तुम्ही कानटोपी घालून गाडीपाशी उभे होतात आणि बॉनेटवर उलटा हात टेकवून पाहत होतात, ताप बघावा तसा. “थंड आहे,” म्हणालात, आणि समाधानानं मान हलवलीत. इंजिन मात्र सुरू करू दिलं नाहीत. किल्ली नुसती ऑनवर फिरवायला लावलीत, स्कॅनर जोडलात आणि तो माझ्याच हातात दिलात.

“वाचा मोठ्यानं. आत येणाऱ्या हवेचं तापमान?”

“7.”

“आता कूलंटचं?”

“43.”

तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझ्याकडे बघत थांबलात. मी पुन्हा वाचलं, 43. आणि मग माझं मलाच उमगलं. रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी. हवा 7 अंश, तर इंजिनातलं पाणीही तेवढंच थंड असायला हवं. ते 43 कसं असेल? तुम्ही म्हणालात, “तुम्ही दोन महिने सांगत होतात ते खरं होतं, ताई. गाडीचा कॉम्प्युटरच फसत होता.”

काका, तो स्कॅनर तुम्ही माझ्या हातात दिलात ना, त्याचे आभार मला सगळ्यात आधी मानायचे आहेत. तुम्ही स्वतः बघून “सेन्सर गेलाय” म्हणाला असतात, तरी गाडी दुरुस्त झालीच असती. मी पैसे दिले असते आणि विषय संपला असता. पण दोन महिने मला जे मिळालं नव्हतं ते तुम्ही त्या अंधारात मला दिलंत. माझ्या डोळ्यांनी आकडा बघायला लावलात, माझ्या तोंडानं वदवून घेतलात. “तुम्हाला चालवता येत नाही” हे वाक्य मी किती खोलवर घेऊन फिरत होते, ते तो आकडा वाचला तेव्हा मला कळलं.

पुढचंही तुम्ही तितक्याच शांतपणे केलंत. मी फोनवर गाडीचं मॉडेल सांगितलं तेव्हाच तुम्हाला अंदाज आला होता, त्यामुळे कूलंटचं तापमान मोजणारा नवा सेन्सर तुमच्या खिशात होता. पण तो तुम्ही लगेच बसवला नाहीत. आधी जुना काढलात, वाटीत बर्फ आणि पाणी आणायला सांगितलंत. बर्फ वितळत असलेलं पाणी बरोबर शून्य अंशावर असतं, वेगळा थर्मामीटर लागत नाही, हे शाळेत शिकलेलं मला त्या पायरीवर बसून आठवलं. जुना सेन्सर वाटीत बुडवून मीटर लावलात. अकराशे ओहम. नवा बुडवलात. पाच हजार आठशे. “थंडीत याचा रोध वाढायला हवा आणि तापल्यावर कमी व्हायला हवा. जुन्यात आत ओल शिरलीय. करंटला चोरवाट मिळालीय.”

मी विचारलं, मग तापल्यावर गाडी बरी कशी होते? त्याचं उत्तर तुम्ही ज्या तऱ्हेनं दिलंत, तसं मला कोणी शिकवलं असतं तर मी इंजिनिअर झाले असते. म्हणालात, तापलेल्या इंजिनात सेन्सरचा स्वतःचा रोध तीनशे-साडेतीनशे ओहमच असतो. मोठा दरवाजा उघडा असला की बाजूच्या फटीतून कितीसं जाणार? आकडा थोडासाच चुकतो. थंडीत दरवाजा जवळजवळ बंद असतो, तेव्हा सगळं फटीतूनच जातं. म्हणून दहा वाजता गॅरेजमध्ये आकडा बरोबर आणि पहाटे पाचला साफ खोटा. कोड का येत नव्हता तेही सांगितलंत. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, आकडा अशक्य कोटीतला आला, तरच हा जुना कॉम्प्युटर तक्रार करतो. 43 अंश त्याला अगदी शक्य वाटतं.

आणि इंजिन थडथडत का होतं? थंड हवेत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरंचसं आतल्या भिंतींनाच चिकटून राहतं. म्हणून गारठलेल्या इंजिनाला एरवीपेक्षा जास्त पेट्रोल लागतं. गरम इंजिनाला पेट्रोलच्या वजनाच्या 14.7 पट हवा पुरते, तेच प्रमाण थंडीत चालत नाही. आमच्या कॉम्प्युटरला वाटायचं इंजिन कोमट आहे, मग तो हात आखडायचा. सिलिंडर उपाशी राहायचे, एखादा पेटायचाच नाही. ही चूक सुधारणारा ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमध्ये असतो, पण तो तीनशेच्या वर अंश तापल्याशिवाय कामच करत नाही. म्हणजे ती पहिली मिनिटं गाडी पूर्णपणे एका खोटं बोलणाऱ्या सेन्सरच्या भरवशावर होती. प्लग कोरडे आणि फिकट होते ते याचमुळे. ते प्लग पहिल्या गॅरेजमध्ये कोणीतरी हातात घेतले होतेच की. बघितले नाहीत, फेकून दिले.

नवा सेन्सर बसला. स्कॅनर पुन्हा माझ्या हातात. हवा 7, कूलंट 8. “मारा आता सेल्फ.” गाडी लागली. सुरुवातीला आवाज थोडा चढा, मग हळूहळू उतरला. आरसा स्थिर. मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायला घाबरत होते. तुम्ही खिडकीशी वाकून म्हणालात, “द्या, द्या. बिनधास्त द्या.”

तुम्ही सेन्सरचे आणि तुमच्या मजुरीचे तेवढेच पैसे घेतलेत. झोपमोडीचे वेगळे द्यायला लागले तर हात मागे घेतलात. आई शाल गुंडाळून बाहेर आली, तिला मागचं दार उघडून धरलंत आणि ती नीट टेकून बसेपर्यंत दार लावलं नाहीत. घाईत मी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. नंतर, आई आत गेल्यावर बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा आठवलं.

मी हल्ली या गोष्टीवर फार विचार करते. हुशार माणसं पुष्कळ भेटतात. त्या दुसऱ्या ठिकाणचा मुलगा हुशारच होता, स्कॅनरवर त्याची बोटं भराभर चालत होती. पण समोरचा माणूस जे सांगतोय ते खरं आहे असं धरून चालायला वेगळं काहीतरी लागतं. डॉक्टरांत लागतं, मास्तरांत लागतं, सरकारी खिडकीमागे बसलेल्या माणसातही लागतं. आईच्या वॉर्डात एक सिस्टर आहेत, आई म्हणाली की हात दुखतोय तर त्या आधी मशीनकडे बघत नाहीत, आईच्या हाताकडे बघतात. तुम्ही त्याच जातकुळीतले. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचे दिवस निघतात, हे मला कुठेतरी लिहून ठेवायचं होतं.

जुना सेन्सर मी फेकलेला नाही. डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय, बाबांच्या जुन्या टायर गेजशेजारी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे कनेक्टरची पिन आणि कूलंटची पातळी दर पंधरवड्याला बघेन. परवा हवा 5 अंशांवर आली होती. गाडी पहिल्या सेल्फला लागली. आई नेहमीसारखी मागे बसली, थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, “त्यांना कळव, आता आरशात तुझा चेहरा नीट दिसतो.”

म्हणून कळवतेय.

तुमची ऋणी,
पहाटे पाचची गाडीवाली ताई