बोलता येईल इतकंच पळ

सातारा
रविवार, सकाळचे साडेनऊ

प्रिय नीलू,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.१ टक्के आली, 'मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात' असं डॉक्टर म्हणाले, ते वाचलं. पण मनाला लागली ती त्याखालची ओळ. रात्री तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडतेस. अगं, आई गेल्यावर दीड वर्ष मीही तेच केलंय.

'या वयात पळतेस म्हणे?' असं विचारलंस. हो, पळते. सहा वर्षं झाली. ते सुरू झालं तेही दुसऱ्याच कारणानं. शेजारची पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. पहाटे पाचला अंधारात तिला एकटीला सोडायला तिची आई तयार नव्हती, आणि मी तर जागीच असायचे! म्हणून सोबत म्हणून शाहू स्टेडियमवर जाऊ लागले. तीन दिवस कडेला शाल गुंडाळून बसले. चौथ्या दिवशी थंडी सोसवेना, तेव्हा ओढणी कमरेला बांधली आणि तिच्यामागून निघाले.

पहिली चूक मी तिथंच केली. तिच्या वेगानं पळायला गेले आणि नडग्या अशा दुखल्या की तीन आठवडे घरी बसले. परत गेल्यावर पोरगी म्हणाली, "काकू, पळताना बोलता येत नसेल तर वेग कमी करा." नीलू, मला आजवर मिळालेला सगळ्यात उपयोगाचा सल्ला हाच. तेव्हापासून मी गप्पा मारता येतील इतकंच पळते. भरभर चालणारी माणसं कधीकधी मला मागे टाकतात. टाकू देत.

आता तुझ्या साखरेचं. पळताना पायाचे मोठे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढून घेतात, आणि नंतरही काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, इन्सुलिनला चांगली दाद देतात. म्हणून रविवारी एकदम दोन तास दमण्यापेक्षा दिवसाआड अर्धा तास बरा. मात्र डॉक्टरांना आधी विचार, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथंच थांब.

गुडघ्यांची भीती मलाही होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी नियमित पळणाऱ्या पन्नाशीपुढच्या माणसांना वीसएक वर्षं पाहिलं. न पळणाऱ्यांपेक्षा त्यांचे गुडघे जास्त झिजलेले निघाले नाहीत. उलट दुखणी आणि परावलंबन त्यांना उशिरा आलं. अर्थात, तुझा डावा गुडघा आधीच कुरकुरतो, तेव्हा तो एकदा दाखवून घे.

पण मला खरं सांगायचंय ते मनाबद्दल. पळून झाल्यावर हलकं वाटतं ते शरीरात तयार होणाऱ्या एंडॉर्फिन नावाच्या द्रव्यामुळे, असं आपण ऐकत आलो. पण एंडॉर्फिन रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, म्हणून आता संशोधक शरीरातच तयार होणाऱ्या दुसऱ्या एका द्रव्याकडे जास्त बोट दाखवतात. त्याचं नाव ॲनंडामाइड. १९९२ साली ते सापडलं तेव्हा आपल्या 'आनंद' या शब्दावरूनच त्याचं नाव ठेवलं! हे वाचलं त्या दिवशी मला आईला फोन करावासा वाटला होता.

ॲमस्टरडॅमला झालेल्या एका अभ्यासात नैराश्य आणि चिंतेच्या १४१ रुग्णांपैकी काहींनी गोळ्या घेतल्या, काही सोळा आठवडे गटानं पळायला गेले. मन सावरण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, शरीर मात्र पळणाऱ्यांचं जास्त सुधारलं. पण पळणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांनाच ते शेवटपर्यंत जमलं. तेव्हा कुणाच्या गोळ्या चालू असतील तर पळायला लागलो म्हणून त्या आपल्या मनानं सोडू नयेत. आणि जमलं नाही म्हणून स्वतःला कुणी कमीही लेखू नये. उदास माणसाला बुटाची नाडी बांधणंही जड जातं, मला ठाऊक आहे.

माझं काय झालं ते सांगते. पहिल्या पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात, दुसऱ्या वळणावर, आईची आठवण उसळून आली. दम लागलेला असताना रडता येत नाही, नीलू. म्हणून चालू लागले आणि चालत चालत पोटभर रडले. खाली सातारा धुक्यात होता. त्या रात्री पाच तास सलग झोपले. रोजच असं होत नाही, पण तीन वाजताचं ते छत हळूहळू सुटलं.

लोक बघतील म्हणतेस. बघतात. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, तेव्हापासून इथं पळणाऱ्या पोरींकडे बघण्याची नजर तरी थोडी बदललीय, असं मला वाटतं. तुझ्या ठाण्यात तर उपवन तलावाभोवती सकाळी कितीतरी बायका असतात.

पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं वीस मिनिटं कर. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरानं पाय थोडे फुगलेले असतात, माप बरोबर मिळतं. पुढच्या शनिवारी मी मुक्कामाला येतेय. रविवारी पहाटे सहाला आपण दोघी तलावावर जाऊ, आणि तू सगळं बोल, तीन वाजता मनात काय काय येतं ते.

तुझीच,
सुमा