नाना पेठेतल्या वायसरवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

मी तुम्हाला आठवणार नाही, पण माझ्या हातातली वस्तू नक्की आठवेल. मे महिन्यातली दुपार, दीड वाजलेला. शटर अर्धं ओढून तुम्ही जेवणाचा डबा उघडत होतात आणि मी दारात गाडीतल्या संडासाची टाकी घेऊन उभी! घरून तीनदा धुऊन आणली होती, तरी वास होताच. आधीच्या चार दुकानांनी पायरीवरूनच वाटेला लावलं होतं. तुम्ही डब्याचं झाकण परत लावलंत आणि म्हणालात, "ठेवा इथे, बघू."

त्या 'बघू'साठी हे पत्र.

जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन आम्ही तिच्यात दिवाण, छोटा ओटा आणि मागे पडद्याआड हा सुटा संडास बसवला, तो सासूबाईंसाठी. गुडघ्यांमुळे त्यांना उकिडवं बसता येत नाही, म्हणून प्रवासाच्या दिवशी त्या सकाळपासून पाणीच तोडायच्या. (2016 साली पुण्यात जुन्या बसमध्ये बायकांसाठी 'ती' स्वच्छतागृह झालं, ते आम्ही आत शिरून बघून आलो होतो. डोक्यात किडा तिथूनच शिरला.)

पहिलीच सहल हरिहरेश्वरची. येताना माणगावला भांडं आणि खालची टाकी यांच्यामधली झडप घट्ट लावली, ताम्हिणी चढलो, मुळशीजवळ थांबलो. सासूबाईंनी झडप ओढली आणि फस्सकन... पुढचं लिहीत नाही. ती साडी परत घरात आली नाही, एवढं पुरे.

मला वाटलं, टाकीच फुटली. तुम्ही विचारलंत, "घाटात वेफर्सचं पाकीट फुगलेलं बघितलंय का कधी?" खाली कोंडलेली हवा, वर साडेपाचशे-सहाशे मीटरवर बाहेरचा दाब कमी, त्यात ऊन आणि आत कुजून होणारा वायू. आधी झाकण लावून टाकीतली हवा सोडायचं बटण दाबायचं, मग झडप. इतकं सोपं होतं!

मग तुम्ही झडपेभोवतीचं वायसर बोटाने दाबून बघितलंत. भिजवलेल्या चण्यासारखं टम्म झालेलं.

"तेल लावलंत?"

"हो, खोबरेल. झडप जड जात होती म्हणून."

"ताई, हा काय अंबाडा आहे?"

हसू आवरेना मला. तेलाने रबर फुगतं, व्हॅसलीननेही तेच, लावायचं तर सिलिकॉनचं ग्रीस, तेही हरभऱ्याएवढं. ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड रबराच्या जवळसुद्धा आणायचं नाही. बोअरच्या पाण्याचा पिवळा थर लिंबूफुलाच्या पाण्याने जातो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर झडप किंचित उघडी ठेवायची, नाहीतर रबर चिकटतं. हे सगळं बोलता बोलता तुम्ही मापाचं नवं वायसर शोधलंत आणि ते बसवायला माझ्याच हातात दिलंत. मी मागे सरकले, तर म्हणालात, "मी बसवलं तर परत इथेच याल."

आणखी एक कबुली. टाकी 21 लिटरची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती रिकामी करायला सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींना पैसे देऊ, असं आमच्या घरात ठरलं होतं. मीही मान डोलावली होती. तुम्ही सहज विचारलंत, "ओतता कुठे? कोण ओततं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही पुढे काही बोलला नाहीत, ग्रीसची डबी शोधत राहिलात. आता टाकी अर्धी झाली की आमचे हे ती वर आणतात आणि मी आमच्याच कमोडमध्ये ओतते. तोटी खाली, अंगठा बटणावर, नाहीतर गुडगुड करत अंगावर येतं. कोकणात मुक्कामाच्या घरी सेप्टिक टँक असतो, तिथे जंतू मारणारं निळं औषध वापरत नाही. टँकचं काम करणारे जंतूच मरायचे.

पैसे तुम्ही वायसरचेच घेतलेत.

दिवाळीत परत हरिहरेश्वरला गेलो. माणगावला सासूबाईंनी कोकम सरबताचे दोन पेले घेतले, पुढे किती वेळ लागेल हे कुणाला न विचारता.

तुम्ही जास्तीचं दिलेलं वायसर गाडीच्या कप्प्यात आहे, अजून लागलं नाही. ज्या कागदात गुंडाळून दिलंत त्यावर तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'खोबरेल नाही'.

तुमची,
टाकीवाली ताई