मेझुझा छापून चालत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत दाराच्या चौकटीला मेझुझा लावतात, दिसते ती नुसती डबी, खरी वस्तू आतला, तोरातल्या म्हणजे आमच्या धर्मग्रंथातल्या ओळी लिहिलेला कातड्याचा तुकडा. मी ऑनलाइन स्वस्तात एक मागवली, उघडून बघते तर आत चक्क प्रिंट काढलेला कागद! फार वाईट वाटलं. धर्मशास्त्राप्रमाणे त्या २२ ओळी, ७१३ अक्षरं सोफेरने म्हणजे लेखनिकाने शुद्ध प्राण्याच्या कातड्यावर, पवित्र हेतू मनात धरून, हातानेच लिहायची असतात, प्रिंटरला कुठला आलाय हेतू?

पण टेक्नॉलॉजी नकोच असं माझं म्हणणं नाही. लिहून झालेला मजकूर हल्ली स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासतात, डोळ्यांतून निसटलेलं एखादं गळालेलं अक्षर त्यात सापडतं, आणि ते सापडायलाच हवं कारण तोराच्या गुंडाळीत राहिलेलं अक्षर मागाहून भरता येतं, मेझुझात नाही, तिथे अक्षरं क्रमानेच लिहावी लागतात. तरी सोफेरची नजर हवीच, क्रम काही स्कॅनमध्ये दिसत नाही.

विकणाऱ्यांनी निदान पाकिटावर स्पष्ट लिहावं की आत छापील कागद आहे, आमची म्हातारी माणसं विश्वासाने दाराला लावतात हो.

– एक वाचक, ठाणे